पन्नास चुका आणि एक दोनशेपानी वही

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला, नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, लातूरला रूम करून राहतो. "ताई, लई टेन्शन आलंय." काय झालं विचारलं तर टेस्टला ७२० पैकी ३९० पडलेत आणि तीन महिने झाले तिथंच अडकलाय. म्हटलं दिवसभर काय करायलास? "वाचायलोय की. बायोचं पाचवं रिडिंग चालूय."

पाचवं रिडिंग ऐकलं आणि मला माझंच २०२२ आठवलं. मी तेव्हा सहा रिडिंग केली होती. सहा! पुस्तकात प्रत्येक रिडिंगला वेगळ्या रंगाचा हायलायटर, शेवटी शेवटी अशी अवस्था की पानावर हायलाइट न केलेली ओळच शोधावी लागायची. आणि मार्क आले ४३८. त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं, तरी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहून काढतेय, अजून कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी माझी कुंडली सांगते म्हणजे कळेल मी कुठल्या जोरावर बोलतेय. आमची बॅच म्हणजे दहावीला भूगोलाचा पेपर रद्द झालेली बॅच, २०२० ची. अकरावी पूर्ण मोबाईलवर, रेंज आली तर लेक्चर नाही आली तर झोप. गाव कळंबजवळ, धाराशिव जिल्हा. बारावीला लातूरला गेले, क्लास लावला, कॉट बेसिसवर रूम, मेसचा डबा, सगळं रीतसर. आणि तेवढ्यात एसटीचा संप सुरू झाला. पप्पा एसटीत ड्रायव्हर, पाच-सहा महिने घरात पगार नाही, आणि मी तिकडं रूमभाडं नि मेस चालू ठेवून बसलेली. ते दिवस आठवले तरी अजून पोटात गोळा येतो, त्यामुळं जास्त लिहीत नाही. सांगायचं एवढंच की पहिला अटेम्प्ट गेला तेव्हा परत लातूरला जायचा विषयच नव्हता. रिपीट करायचं तर घरी बसून, गावातल्या अभ्यासिकेत, एक टेस्ट सिरीज विकत घेऊन.

आणि वेळ किती होता ते बघा. २०२२ ची नीट झाली १७ जुलैला, निकाल लागला ७ सप्टेंबरला रात्री, आणि २०२३ ची परीक्षा होती ७ मेला. म्हणजे बरोबर आठ महिने. लोक म्हणतात रिपीटरला वर्ष मिळतं, आम्हाला आठच महिने मिळाले, त्यातले पहिले पंधरा दिवस मी नुसती रडून घालवले ते वेगळंच.

तर या पंधरा दिवसांनंतर झालं असं की पप्पा म्हणाले, गाडी खड्ड्यात गेली तर आधी खाली उतरून बघायचं कुठलं चाक गेलंय, वरून ॲक्सिलेटर देऊन काय उपयोग. मला तेव्हा ते बोलणं टोमण्यासारखंच लागलं होतं, पण दुसऱ्या दिवशी मी माझी ओएमआर (उत्तरांचे गोळे भरायची शीट), आन्सर की आणि प्रश्नपत्रिका घेऊन बसले. (ओएमआरचा स्कॅन आणि आन्सर की परीक्षा घेणारी एनटीए वेबसाइटवर टाकते आणि प्रश्नपत्रिका आपल्याला घरी न्यायला मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत असूनही कुणी नंतर उघडून बघत नाही. दुखतं म्हणून.)

हिशोब असा निघाला. १२२ बरोबर, ५० चूक, ८ सोडलेले. बरोबरला चार मार्क, चुकीला वजा एक. चार गुणिले १२२ म्हणजे ४८८, वजा ५०, ४३८. आता मी तोपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरत होते की फिजिक्सनं मारलं, फिजिक्सनं मारलं. फिजिक्सला ६८ होते, म्हणजे १८० पैकी ११२ गेले, मान्य. पण बायोलॉजीला ३६० पैकी २५० होते. म्हणजे बायोत ११० गेलेले! ज्या विषयाची सहा रिडिंग झाली, ज्याच्याबद्दल मी रूममेटला म्हणायचे की बायोची काळजी नाही, त्यात फिजिक्सइतकेच मार्क गेले होते. केमिस्ट्री १२०. मी किती तरी वेळ त्या कागदाकडं बघत बसले होते.

मग त्या पन्नास चुकांचे ढीग केले. मुळात येतच नव्हते असे प्रश्न १४. वाचलं होतं पण ऐन वेळी दोन पर्यायांत घोळ झाला असे १९. आकडेमोडीत चुकले ९. प्रश्नच उलटा वाचला, म्हणजे विचारलं होतं चुकीचं विधान कुठलं नि मी बरोबर विधान शोधून मोकळी झाले, असे ५. आणि निव्वळ तुक्का मारलेले ३. म्हणजे नवीन शिकण्यासारखं फक्त चौदा प्रश्नांत होतं. तुक्के सोडले तर बाकी तेहतीस चुका मला येत असलेल्या गोष्टींतल्या होत्या, नि मी मात्र सहाव्या रिडिंगनंतर सातवं काढायच्या तयारीत होते.

त्या एकोणीसवर जरा थांबते कारण खरी गोम तिथं आहे. परत परत वाचलं की ओळ ओळखीची वाटायला लागते, आणि ओळखीची वाटली की मेंदू म्हणतो हे येतंय, पुढं चल. पण परीक्षेत ओळ समोर नसते, चार पर्याय असतात नि चारही ओळखीचे वाटतात, कारण चारही त्याच पुस्तकातले असतात. एपिपेटॅलस, म्हणजे पाकळीला चिकटलेले पुंकेसर, वांग्यात की लिलीत? (वांग्यात. लिलीत एपिफायलस.) सी-फोर वनस्पतींत रुबिस्को हे एन्झाइम मेसोफिलमध्ये की बंडल शीथमध्ये? (बंडल शीथमध्ये, मेसोफिलमध्ये पेप कार्बोक्सिलेज.) मी यातलं प्रत्येक वाक्य सहादा वाचलेलं होतं आणि सहाही वेळा मान डोलावलेली होती.

म्हणून दुसऱ्या वर्षी वाचायची पद्धतच बदलली. एक टॉपिक एकदाच नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, आणि मग पुस्तक उघडून काय राहिलं ते लाल पेनानं भरायचं. पहिल्या आठवड्यात अर्धा कागद लाल. इतका अपमान वाटायचा ना, की परत जुन्या हायलायटरकडं जावंसं वाटायचं, कारण हायलायटर कधी तुम्हाला काही येत नाही असं सांगत नाही. पण दोन-तीन आठवड्यांत लाल कमी व्हायला लागलं. एका धड्याला दुप्पट वेळ लागतो हे खरंय, मात्र तो धडा मग सहादा वाचावा लागत नाही.

काही गोष्टी कागदावरही बसायच्या नाहीत, त्या आईला सांगायचे. आई भाकरी करतीये आणि मी ओट्याला टेकून प्लॅसेंटेशन (फळात बिया कुठं चिकटलेल्या असतात ते) सांगतीये. आईला त्यातलं काही कळायचं नाही पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं, लगेच म्हणायची, "येईना व्हय?" आणि खरं सांगू का, प्लॅसेंटेशन मला स्वयंपाकघरातच कळलं. तुरीची शेंग सोलली की दाणे एकाच कडेला ओळीनं चिकटलेले, ते मार्जिनल, पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण आहे पण आमच्याकडं तूर. लिंबू आडवं कापलं की मधल्या आसाला बिया, ॲक्साइल, टोमॅटोचंही तसंच. पराएटल म्हणजे मोहरी, आणि पुस्तकातलं आर्जिमोन म्हणजे आपला पिवळा धोतरा, बांधाला वाट्टेल तेवढा. बेसल सूर्यफूल नि झेंडू. राहिलं फ्री सेंट्रल, डायएन्थस आणि प्रिमरोज, ती फुलं काय आमच्या बापजन्मी बघितली नव्हती, ती निमूटपणे पाठ केली. यानंतर प्लॅसेंटेशनचा एकही प्रश्न चुकला नाही, अजूनही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन.

उजळणीला ॲप वगैरे काही नव्हतं, भिंतीवरचं कालनिर्णय होतं. आज एखादा धडा संपवला की लगेच पुढच्या तारखांच्या चौकटींत त्याचं नाव लिहून टाकायचं, तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, मग महिन्यानं. चतुर्थीच्या खाली 'न्यूरल कंट्रोल', एकादशीच्या खाली 'केमिकल बाँडिंग'. आज्जी वैतागायची की उपास कुठल्या दिवशी ते दिसंना. पण त्यामुळं सकाळी उठून आज काय करू हा प्रश्न राहिला नाही, आणि त्या दिवशीची उजळणी म्हणजे परत कोरा कागद, वाचन नाही.

आता वही. दोनशेपानी, साधी. डाव्या पानावर चुकलेला प्रश्न थोडक्यात, उजव्या पानावर का चुकला. इथं एक घोळ मी आधी महिनाभर केला तो तुम्ही करू नका, मी उजव्या पानावर बरोबर उत्तर लिहीत होते. उत्तर तर सोल्यूशनमध्ये असतंच की. लिहायचं ते कारण, तेही प्रामाणिक. 'सिली मिस्टेक' हे कारण लिहायला मी स्वतःवरच बंदी घातली होती, कारण सिली मिस्टेक म्हटलं की आपण सुटतो. त्याऐवजी 'सेंटीमीटरचं मीटर केलं नाही', 'टायडल व्हॉल्यूम ५०० मिली माहीत होतं पण व्हायटल कपॅसिटीत रेसिड्युअल व्हॉल्यूमपण मिळवला', 'कॅनिझारो द्यायला अल्फा हायड्रोजन नसावा लागतो हे माहीत होतं, पर्यायातल्या रचनेत तो मोजलाच नाही' असं. डिसेंबरपर्यंत वहीत एवढं साठलं की माझ्याच चुकांचा पॅटर्न दिसायला लागला. एककं बदलताना मी कायम घाईत असायचे. आणि 'खालीलपैकी चुकीचे विधान' या प्रश्नांत पाचातला एक तरी उलटा वाचायचेच. त्यावर उपाय साधा केला, असा प्रश्न दिसला की त्या शब्दाला आधी गोल करायचा, मगच पर्याय वाचायचे. पाचाच्या शून्य काही झाल्या नाहीत, पण मेच्या परीक्षेत अशी चूक एकच झाली.

दर रविवारी मागच्या सगळ्या चुका परत सोडवायच्या, उजवं पान झाकून. दोनदा सलग बरोबर आला की त्यावर काट. ही काट मारण्यात जी मजा आहे ती टेस्टच्या रँकमध्ये पण नाही.

फिजिक्सचं माझं दुखणं वेगळं होतं. सर फळ्यावर सोडवताना सगळं कळायचं. पुस्तकातलं सोल्यूशन वाचून सगळं कळायचं. स्वतः सोडवायला घेतलं की दोन मिनिटांत सोल्यूशनकडं हात. मग नियम केला, बारा-पंधरा मिनिटं घड्याळ लावून झटायचं, काहीच सुचलं नाही तर सोल्यूशनची फक्त पहिली ओळ बघायची आणि परत झाकायचं. दिवसाला चाळीस प्रश्न व्हायचे ते पंधरावर आले, आणि मला वाटायला लागलं मी मागं पडतेय. पण ते पंधरा माझे होते. जुन्या वर्षांचे प्रश्न धड्याप्रमाणं सोडवले, सेमीकंडक्टर, मॉडर्न फिजिक्स, करंट, युनिट्स आधी, कारण तिथं सूत्रं मोजकी आणि प्रश्न सरळ. रोटेशनशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही, त्यातले सोपे तेवढे घेतले नि बाकी देवाला सोडले. आणि आकडेमोड हातानं करायची सवय, कारण कॅल्क्युलेटर नसतो, रूट दोन, रूट तीन तोंडपाठ पाहिजेत, फोटॉनची एनर्जी काढायला १२४०० भागिले अँगस्ट्रॉममधली वेव्हलेंग्थ, की आलं इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, असल्या चार-पाच युक्त्यांनी बरीच मिनिटं वाचतात.

केमिस्ट्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फिजिकल म्हणजे गणित, इनऑरगॅनिक म्हणजे एनसीईआरटीच्या पुस्तकाची (सीबीएसईवाले वापरतात ती) ओळ न ओळ, ऑरगॅनिक रोज थोडं लिहून. लिहून, बघून नाही. आणि स्टेट बोर्डवाल्यांनो, बारावीची आपली पुस्तकं वाईट नाहीत पण नीटचा प्रश्न एनसीईआरटीच्या शब्दांत येतो, त्यामुळं तीच भाषा कानात बसू दे.

शिवाय सिलॅबस बघून घ्या. २०२४ पासून एनएमसीनं (मेडिकल शिक्षणाचा राष्ट्रीय आयोग) यादी बदलली. आम्ही सॉलिड स्टेट, एस-ब्लॉक, पॉलिमर, वनस्पतींतलं मिनरल न्यूट्रिशन असलं सगळं घोकलेलं, ते आता नाहीये. भावाच्या रूमवर कुणा सीनियरच्या जुन्या नोट्स आहेत, तो बिचारा त्यातून मिनरल न्यूट्रिशन करत होता! सिलॅबसची पीडीएफ काढून पुस्तकात चिकटवा. पेपरचा नमुनापण बदललाय. आम्हाला २०० प्रश्न असायचे, त्यातले १८० सोडवायचे, तीन तास वीस मिनिटं. २०२५ पासून सरळ १८० प्रश्न, सगळे सक्तीचे आणि तीनच तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. म्हणजे नकोसा प्रश्न सोडून द्यायची जी सोय आम्हाला थोडी होती तीपण गेली. त्यामुळं जुन्या टेस्ट सोडवणार असाल तर १८० प्रश्न ठेवून तीन तासांचंच घड्याळ लावा.

तुक्क्याबद्दल एक सांगते, कारण क्लासमध्ये आम्हाला भूत दाखवल्यासारखं निगेटिव्ह मार्किंग दाखवायचे. गणित करून बघा. बरोबरला चार, चुकीला वजा एक. काहीच येत नसताना चारांतून एक उचलला तर सरासरी पाव मार्क मिळतो, म्हणजे ना फायदा ना तोटा म्हणा. दोन पर्याय खात्रीनं उडवता आले तर उरलेल्या दोघांतून निवडायला सरासरी दीड मार्क. सोडून दिला तर शून्य. मग घाबरायचं कशाला? माझ्या पन्नास चुकांत तुक्के तीनच होते. बुडवलं ते 'हे मला येतंय' असं वाटून ठोकलेल्या प्रश्नांनी. हां, 'खात्रीनं उडवलेले' हे खरंच खात्रीनं उडवलेले पाहिजेत, नाहीतर परत तेच एकोणीस.

टेस्ट मी दुपारी दोनलाच द्यायचे, कारण परीक्षा दोनला असते. एप्रिलमध्ये आमच्याकडं दुपारी दोनला काय असतं ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. अभ्यासिकेवर पत्रे, लाइट गेली की पंखा बंद, घामानं ओएमआर हाताला चिकटायची. पण म्हटलं सेंटरवर काय एसी मिळणारे का. ओएमआरच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या, काळ्या बॉलपेननं गोळे भरायचे, एक पान झालं की त्या पानाचे गोळे लगेच. शेवटी एकदम भरायच्या नादात बारावीत टेस्टला माझी अख्खी रांग एकानं सरकली होती. बायो आधी, पन्नास मिनिटांच्या आत, मग केमिस्ट्री, मग उरलेला सगळा वेळ फिजिक्सला. हा क्रम माझा, तुमचा वेगळा असेल, फक्त तो परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा ठरवू नका. आणि तीन तासांच्या टेस्टला चार तास तपासायला ठेवा. संध्याकाळी मार्क बघून मूड खराब करून झोपायचं नि दुसऱ्या दिवशी पुढची टेस्ट, यात पैसे सोडून काही जात नाही असं वाटतं, पण टेस्टच जाते.

तास किती, हा भावाचा दुसरा प्रश्न. त्याच्या रूमवर सगळे चौदा तास सांगतात. मी पण सांगायचे! लातूरला असताना सांगायचे. घरी एकदा खरंच स्टॉपवॉच लावून बघितलं, पाण्याला उठलं की बंद, फोन हातात घेतला की बंद. सहा तास दहा मिनिटं निघाले. पुढं ते आठ-साडेआठवर नेले आणि त्यावर कधी गेले नाही. झोप सात तास. मोबाईल आईच्या कपाटात, टेस्ट सिरीजपुरता बाहेर.

२०२३ ला ६०७ आले. १५७ बरोबर, २१ चूक, २ सोडलेले. बायो ३२५, केमिस्ट्री १५५, फिजिक्स १२७. बघा, फिजिक्समध्ये मी काही सिंह झाले नाही. स्टेट कोट्यातून गव्हर्नमेंट कॉलेज मिळालं. (गव्हर्नमेंट कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के ऑल इंडियाच्या, फॉर्म दोन्हीकडं भरायचा.) पण कृपा करून हे मार्क तुमच्या वर्षाशी लावू नका. २०२४ ला मार्कांचा एवढा पूर आला की ६०० वाले रडत होते, आणि २०२५ ला फिजिक्स असं आलं की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. भावाला हेच सांगितलं, ३९० म्हणजे किती हे तुझी टेस्ट किती अवघड होती त्यावर आहे, मला ३९० सांगू नको, चुका किती नि कसल्या ते सांग.

तो म्हणाला मोजल्या नाहीत. मग म्हटलं आधी मोज, त्याशिवाय फोन करायचा नाही.

काल फोटो आला. चौसष्ट चुका. ढीगपण केलेत, पण त्यातल्या एकवीसवर 'सिली मिस्टेक' लिहून पाठवलंय गड्यानं. परत करायला लावलंय. माझी सोमवारी पीएसएमची (एमबीबीएसचा सार्वजनिक आरोग्याचा विषय) इंटर्नल आहे नि मी अजून पुस्तक उघडलेलं नाही, त्यामुळं इथंच थांबते. वहीचं एखादं पान बघायचं असेल कुणाला तर सांगा, जुनी वही घरी आहे, दिवाळीला गेले की फोटो टाकते. आज्जीनं त्यावर दुधाचा हिशोब लिहिला नसेल तर.